सूर्याच्या गणिताचा ताळा

(विद्यालयाच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या कानावर एक शब्द लहानपणी पडलेला असतो. तो शब्द म्हणजे ताळा. भागाकार केला की भाजकाने भागाकाराला गुणावे, बाकी मिळवावी आणि भाज्य परत येतो का ते पाहावे. उत्तर काढणे हे अर्धे काम, ताळा जुळणे हे उरलेले अर्धे. आजचा विषय याच शब्दाभोवतीचा आहे. मात्र ज्या गणिताचा ताळा पाहायचा ते वहीतले नाही, सूर्याच्या पोटातले आहे. ताऱ्यांमधील द्रव्य प्रकाश किती अडवते, किती शोषून घेते, याचे ते गणित. शास्त्रात या गुणाला अपारदर्शकता म्हणतात. शंभर वर्षे हे गणित चालू आहे, आणि त्याचा ताळा अद्याप पुरता जुळलेला नाही.

या विषयाचा प्रारंभ जयपूरपासून करणे उचित ठरेल. कारण आकाशाचे गणित आकाशाशीच ताडून पाहावे हा आग्रह आपल्या देशात दगडचुन्यात बांधून उभा आहे तो तेथे. सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये जयपूर वसविले आणि आपल्या राजवाड्यालगत वेधशाळा उभारली. दिल्ली, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा येथेही त्यांनी वेधशाळा बांधल्या. या खटाटोपामागे एक साधी तक्रार होती. प्रचलित कोष्टकांवरून काढलेली ग्रहांची स्थाने आणि डोळ्यांना दिसणारी स्थाने यांचा मेळ बसत नव्हता. जयसिंहांनी पोर्तुगालपर्यंत माणसे पाठवून युरोपातील ज्योतिषग्रंथ मिळविले. फ्रेंच ज्योतिर्विद ला इर यांची कोष्टकेही त्यांच्या हाती आली. पण वेधाशी ताडून पाहता चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक निघाली. पितळेची यंत्रे लहान असतात, त्यांचे आस झिजतात, मग वेध बिघडतात, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी हलणारच नाहीत अशी दगडी यंत्रे बांधली. त्यांतील सम्राट यंत्र हे जगातील सर्वांत मोठे दगडी सूर्यघड्याळ होय. त्याची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते, आणि मोजपट्टीवरील सर्वांत लहान भाग दोन सेकंदांचा आहे.

जयसिंहांच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट हे परंपरेने महाराष्ट्रीय मानले जातात, ही गोष्ट या सभेला विशेष वाटेल. ते अरबी शिकले. युक्लिडच्या भूमितीचे त्यांनी ‘रेखागणित’ या नावाने अरबीवरून संस्कृतात रूपांतर केले, आणि टॉलेमीच्या महाग्रंथाचे ‘सम्राट सिद्धान्त’ या नावाने. परक्या भाषेतील शास्त्र आपल्या भाषेत आणावे आणि मग ते आपल्या वेधांनी पारखावे, अशी ती दुहेरी साधना होती.

हाच वाद पुढे महाराष्ट्रात पंचांगाच्या निमित्ताने पेटला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे पटवर्धनी पंचांग काढले, तेव्हा ग्रंथोक्त गणित खरे की डोळ्यांना दिसणारे ग्रहण खरे, या प्रश्नावर घराघरांत चर्चा झाली. आपल्या जुन्या ज्योतिषात या जुळणीला ‘दृक्प्रत्यय’ असे सुंदर नाव आहे. डोळ्यांनी खात्री पटणे, म्हणजेच ताळा जुळणे.

आता सम्राट यंत्राच्या सावलीकडे थोडे बारकाईने पाहू. तिची कड सुरीच्या धारेसारखी नसते, तेथे कित्येक सेंटीमीटर रुंदीचा धूसर पट्टा असतो. सूर्य हा बिंदू नाही, सुमारे अर्ध्या अंशाचे बिंब आहे. ते बिंब आपल्याच रुंदीइतके सरकायला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणून दोन सेकंदांची खूण असूनही तेवढी अचूक वेळ वाचणे ही निष्णात वेधकर्त्याच्याच हातची गोष्ट. पण या धूसरपणातून एक वेगळाच प्रश्न निघतो. सूर्य हा वायूचा गोळा आहे. वायूला कड नसते. धुराचा लोट किंवा ढग हळूहळू विरळ होत जातो. मग सूर्यबिंबाची कड इतकी रेखीव का दिसते?

याचे उत्तर अपारदर्शकतेत आहे. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. पण जेथून प्रकाश सुटून आपल्याकडे येतो तो थर अवघा काही शे किलोमीटर जाडीचा. त्याच्या आत वायू अपारदर्शक, बाहेर पारदर्शक. हा बदल इतक्या थोड्या अंतरात घडतो की पृथ्वीवरून ती कोरलेली कड भासते. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० अंश. तेथील वायू बहुतांशी हायड्रोजनचा, आणि साधा हायड्रोजन दृश्य प्रकाश फारसा अडवीत नाही. तर मग अडवतो कोण? हे कोडे बराच काळ सुटत नव्हते. १९३९ मध्ये रूपर्ट विल्ट यांनी सुचविले की हायड्रोजनच्या अणूला एक जादा इलेक्ट्रॉन सैलसा चिकटून ऋण आयन बनतो आणि तोच हे काम करतो. कोट्यवधी अणूंमागे असा एखादाच आयन असतो. तरीही सूर्याचे दर्शनी रूप त्यानेच ठरविले आहे. या आयनाची शोषणक्षमता भरवशाने मोजणे अवघड होते. ते गणित चाळीसच्या दशकात सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी सहकाऱ्यांसह तडीस नेले आणि ते निरीक्षणांशी जुळले. ताऱ्यांच्या शोषणगुणांकावर त्यांनी पहिले निबंध लिहिले तेव्हा ते वीस-एकवीस वर्षांचे विद्यार्थी होते.

आता आत उतरू. सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे. तेथे निर्माण झालेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर निघते. पण सरळ रेषेत नव्हे. सेंटीमीटरभर किंवा त्याहूनही कमी अंतर जाते न जाते तोच तिला कोणीतरी शोषून घेते किंवा भलतीकडे वळविते. यात्रेच्या गर्दीत सापडलेला माणूस दोन पावले पुढे, एक पाऊल बाजूला असा हिंडत राहतो, तशी ही वाटचाल. गाभ्यातील ऊर्जेला पृष्ठभागापर्यंत यायला अंदाजे काही दहा हजार वर्षांपासून ते पावणेदोन लाख वर्षांपर्यंत काळ लागतो. पृष्ठभागावरून पृथ्वीपर्यंत मात्र आठ मिनिटे आणि वीस सेकंद पुरतात. सम्राट यंत्रावर आज पडलेल्या उन्हाचा जन्म बहुधा मानवी इतिहासाच्या आधीचा आहे.

या वाटेवरचे अडथळे चार प्रकारचे. मोकळा इलेक्ट्रॉन प्रकाशाला नुसता विखरून टाकतो. अणुकेंद्राजवळून जाणारा मोकळा इलेक्ट्रॉन प्रकाश गिळून वेगवान होतो. अणूत बांधलेला इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून अणूबाहेर फेकला जातो. किंवा तोच इलेक्ट्रॉन अणूतच वरच्या पायरीवर चढतो. चौथ्या प्रकारात नेमक्या ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश अडतो, आणि त्याच्या रेघा वर्णपटावर उमटतात.

या चौघांचा एकत्र परिणाम कसा काढायचा? येथे जयपूरचा हवामहल उपयोगी पडतो. सवाई प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये बांधविलेल्या त्या दर्शनी भिंतीला ९५३ खिडक्या असल्याचे सांगतात. भिंतीतून किती उजेड आत येईल हे दगड किती जाड आहे यावर ठरत नाही, ते किती झरोके उघडे आहेत यावर ठरते. दगड दुप्पट जाड केला तरी उजेड तेवढाच. अर्धे झरोके बंद केले की उजेड निम्मा. ताऱ्यातही तसेच घडते. प्रकाश ज्या तरंगलांबींवर कमी अडतो त्या फटींतूनच ऊर्जा बाहेर झिरपते. म्हणून सरासरी काढताना या फटींना अधिक वजन द्यावे लागते. ही रीत स्वाईन रॉसलँड या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये सांगितली, आणि आजही तीच वापरात आहे. वर्णपटावरील प्रत्येक रेघ म्हणजे एका झरोक्याला लावलेले झापड. दाबामुळे रेघा रुंद होतात आणि शेजारच्या रेघांना भिडतात, तेव्हा झरोकेच्या झरोके बंद होतात. किती रेघा, कोठे आणि किती रुंद, हे सारे अणूगणिक मोजणे म्हणजे अपारदर्शकतेचे गणित.

सूर्याच्या वस्तुमानात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सर्व मूलद्रव्ये मिळून दोन टक्केही भरत नाहीत. पण झापडे लावण्यात त्यांचाच हात मोठा. एकट्या लोहाचे उदाहरण घ्यावे. त्याचे २६ इलेक्ट्रॉन. सूर्याच्या अंतर्भागात त्यांपैकी पुष्कळसे निघून गेलेले असतात आणि उरलेले असंख्य पायऱ्यांवर चढउतार करीत असतात. एका विशिष्ट खोलीवर सूर्याच्या एकूण अपारदर्शकतेचा सुमारे चौथा हिस्सा या मूठभर लोहाचा असतो. वरणातल्या मिठासारखे त्याचे प्रमाण थोडे, पण सारी चव त्याच्यावर अवलंबून.

या गणिताचा ताळा आजवर तीनदा चुकला. पहिला प्रसंग १९२०च्या दशकातला. आर्थर एडिंग्टन यांनी ताऱ्यांच्या तेजावरून अपारदर्शकता काढली, आणि क्रेमर्स यांच्या अणुसिद्धान्तावरूनही ती काढता येत होती. दोन उत्तरांत सुमारे दहापट तफावत. चूक गणितात असेल असे वाटत होते. प्रत्यक्षात ती गृहीतकात होती. तारे पृथ्वीसारख्याच जड द्रव्यांचे बनलेले असावेत असे तेव्हा मानले जाई. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेल्या समीकरणामुळे कोणत्या तापमानाला अणूचे किती इलेक्ट्रॉन सुटतात हे कळू लागले होते. त्याच समीकरणाच्या आधारे सेसिलिया पेन या तरुणीने १९२५च्या प्रबंधात दाखविले की ताऱ्यांत हायड्रोजन अफाट आहे. ज्येष्ठांच्या सल्ल्यावरून तिला तो निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे लिहावे लागले. चार वर्षांनी तो सल्ला देणाऱ्या रसेल यांनीच तो मान्य केला. १९३२ मध्ये स्ट्रॉमग्रेन आणि एडिंग्टन यांनी हायड्रोजनचे प्रमाण मोठे धरून पाहिले आणि ती दहापट तफावत विरघळून गेली. न जुळलेल्या ताळ्याने विश्व कशाचे बनले आहे ते सांगितले.

याच साहांचे एक विद्यार्थी राजस्थानचे होते. दौलतसिंह कोठारी यांचा जन्म १९०६ मध्ये उदयपूरला झाला. अलाहाबादला साहांच्या हाताखाली शिकून ते केंब्रिजला गेले. प्रचंड दाबाखाली अणू एकमेकांना इतके खेटतात की केवळ त्या दडपणानेच त्यांचे इलेक्ट्रॉन सुटतात, हा विचार त्यांनी श्वेतबटू ताऱ्यांच्या संदर्भात विकसित केला. अणूला किती इलेक्ट्रॉन उरले हे ठरल्याखेरीज तो प्रकाश किती अडवील हे ठरत नाही. तेव्हा हा प्रश्न अपारदर्शकतेच्या मुळाशीच जातो. पण शाळेच्या व्यासपीठावर कोठारींचे स्मरण आणखी एका कारणाने व्हावे. १९६४ ते १९६६ या काळातील शिक्षण आयोगाचे ते अध्यक्ष होते, आणि वैज्ञानिक परिभाषेसाठी १९६१ मध्ये नेमलेल्या आयोगाचेही पहिले अध्यक्ष. ताऱ्यांचे अंतरंग जाणणाऱ्या या माणसाने उच्च शिक्षणही भारतीय भाषांतून द्यावे असा आग्रह धरला. जगन्नाथ सम्राटांनी ज्या वाटेवर पाऊल टाकले होते तिचीच ही पुढची मजल म्हणता येईल.

ताळा दुसऱ्यांदा चुकला तो स्पंदन पावणाऱ्या ताऱ्यांमुळे. सेफीड नावाचे तारे ठरावीक काळाने फुगतात आणि आकसतात. त्यांच्या आतला एक थर भांड्यावरच्या झाकणासारखा वागतो. आकसताना तो अधिक अपारदर्शक होऊन उष्णता कोंडतो, फुगताना ती सोडतो. काही सेफीड एकाच वेळी दोन तालांत स्पंदन पावतात. त्या दोन तालांचे गुणोत्तर गणिताप्रमाणे यायला हवे ते येत नव्हते. १९८२ मध्ये नॉर्मन सायमन यांनी सांगितले की जड मूलद्रव्यांची अपारदर्शकता दोन-तीनपट कमी मोजली गेली असावी. ती पुन्हा मोजून पाहण्याचे त्यांनी आवाहन केले. त्यानंतर दोन स्वतंत्र गट कामाला लागले. एक अमेरिकेतील लिव्हरमोर येथे रॉजर्स आणि इग्लेसियास यांचा. दुसरा लंडनच्या मायकेल सीटन यांच्या नेतृत्वाखालचा, अनेक देशांतील शास्त्रज्ञांचा. अणूंच्या लक्षावधी रेघा नव्याने मोजल्या गेल्या. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी दोन्ही गटांची उत्तरे आली आणि ती परस्परांशी बऱ्याच अंशी जुळली. ज्या तापमानाच्या थरांत लोहाच्या रेघा दाटीने येतात तेथे अपारदर्शकता खरोखरच दोन ते तीनपट निघाली. पूर्वीच्या गणितात हवामहलाचे पुष्कळ बंद झरोके उघडे धरले गेले होते. सेफीडांचा ताळा जुळला.

तिसरा प्रसंग आपल्याच काळातला आहे आणि तो संपलेला नाही. घंटेचा नाद ऐकून ती कशाची आहे हे ओळखावे, तसे सूर्याच्या पृष्ठभागावरील कंपने मोजून त्याचे अंतरंग ओळखता येते. या कामासाठी जगभर सहा ठिकाणी एकसारख्या दुर्बिणी बसविल्या आहेत, म्हणजे कोठे ना कोठे सूर्य उगवलेलाच असतो. त्यांपैकी एक ठिकाण पुन्हा राजस्थानातच आहे, उदयपूरच्या फतेहसागर तलावातील बेटावरची सौर वेधशाळा. भोवतालच्या पाण्यामुळे तेथील हवा कमी थरथरते, म्हणून ही जागा निवडली गेली. या कंपनांवरून कळते की सूर्यातील उकळता थर केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे ७१ टक्के अंतरावर सुरू होतो. २००५च्या सुमारास आस्प्लुंड आणि सहकाऱ्यांनी सूर्यावरील प्राणवायू, कार्बन इत्यादींचे प्रमाण नव्याने मोजले. ते पूर्वीपेक्षा बरेच कमी आले. ते गणितात घालताच सूर्याचे सैद्धान्तिक चित्र आणि मोजलेली कंपने यांची फारकत झाली.

एक शक्यता अशी, की अपारदर्शकता अजूनही कमी मोजली जात आहे. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत ‘झेड’ नावाच्या प्रचंड विद्युत्-यंत्राने लोहाचा कण सुमारे वीस लाख अंशांपर्यंत तापवून बेली आणि सहकाऱ्यांनी त्याची अपारदर्शकता प्रत्यक्ष मोजली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर गणितापेक्षा तरंगलांबीनुसार ३० ते ४०० टक्के अधिक होते. ते खरे धरले तर सूर्याच्या कोड्यातील सुमारे निम्मी तफावत भरून निघते. ओहायो स्टेट विद्यापीठातील अनिल प्रधान आणि सुलताना नाहर यांच्यासारखे शास्त्रज्ञ लोहाच्या आयनांचे गणित अधिक खोलात जाऊन करीत आहेत. दुसरीकडे २०२२ मध्ये आणखी एका गटाने मूलद्रव्यांचे प्रमाणच पुन्हा मोजले आणि ते जुन्या, मोठ्या आकड्यांकडे झुकले. म्हणजे चूक प्रयोगात आहे, अणूंच्या गणितात आहे की मूलद्रव्यांच्या मोजणीत, हे अजून ठरायचे आहे.

यात पणाला काय लागले आहे? इतर सर्व ताऱ्यांची वये, त्यांची वस्तुमाने आणि त्यांच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांचे आयुर्मान मोजण्याची फूटपट्टी आपला सूर्य आहे. फूटपट्टीवरची खूण थोडी सरकली तर तिने मोजलेले सारेच सरकते. म्हणून काही टक्क्यांच्या फरकासाठी माणसे आपली उमेदीची वर्षे खर्च करतात.

पालकहो, या इतिहासातून शाळेने आणि घराने घ्यावे असे काही असेल तर ते एवढेच. ताळा चुकला की मूल घाबरते आणि खोडरबर शोधते. पण जयसिंहांनी अर्ध्या अंशाची चूक खोडली नाही, नोंदवून ठेवली. सायमन यांनी न जुळणारे गुणोत्तर झाकले नाही, सर्वांपुढे मांडले. पेन यांचा बरोबर निष्कर्ष मात्र वडीलधाऱ्यांच्या शब्दापुढे काही वर्षे मागे पडला. ‘उत्तर जुळत नाही’ असे निर्भयपणे सांगणारे मूल ज्या वर्गात आहे, तेथे विज्ञानाचे शिक्षण खरोखर चालू आहे असे समजावे. हे सांगायला मुलाला सर्वांत सोपी भाषा कोणती, तर ज्या भाषेत ते घरी हट्ट धरते ती. मराठी शाळेचे मोल यात आहे.

सम्राट यंत्राच्या घडणीमागील कालगणनेत दिवसाच्या साठ घटिका आणि घटिकेची साठ पळे. संवत्सरांचे चक्रही साठांचे. ते पुरे झाले की गणना पुन्हा पहिल्या नावापासून सुरू होते. आपल्या विद्यालयाने आज असे एक आवर्तन पूर्ण केले आहे. पुढच्या आवर्तनात येथल्याच एखाद्या बाकावर बसलेली मुलगी सूर्याच्या त्या अडलेल्या गणितापाशी पोहोचो, आणि ताळा जुळला नाही तर तसे स्पष्ट सांगण्याचे धैर्य तिला याच शाळेतून मिळालेले असो.